रदबदली जिथे थांबते

‘उत्पत्ति’च्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोम शहरासाठी देवाशी घासाघीस करतो, हे बायबलशी जुजबी ओळख असलेल्यालाही ठाऊक असते. पुढच्या अध्यायातली त्याची सकाळ मात्र फारशी कुणाला आठवत नाही. पहाटे उठून तो आदल्या दिवशी जिथे देवासमोर उभा होता त्याच जागी जातो आणि खाली पाहतो. भट्टी पेटल्यासारखा धूर त्या मुलखातून वर चढत असतो. निवेदक एवढेच सांगतो. अब्राहाम काय म्हणाला, रडला की नुसता उभा राहिला, घरी केव्हा परतला, काहीच नाही. आदल्या दिवशी सहा वेळा तोंड उघडणारा हा माणूस धुरासमोर एक शब्दही बोलत नाही.

यहुदी ज्यांना तनाख म्हणतात आणि ख्रिस्ती लोक जुना करार, त्या हिब्रू ग्रंथांमध्ये दुसऱ्यासाठी देवाकडे केलेल्या विनवण्या जागोजागी आहेत. त्यांच्याबद्दल जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक अठराव्या अध्यायाच्या अंगाने जाते: चिकाटीने मागत राहा, देव ऐकतो. प्रवचनाला एवढे पुरते. पण हेच ग्रंथ वाङ्मय म्हणून वाचू लागले की चित्र बदलते. यांतल्या कितीतरी विनवण्या अर्ध्याच मान्य होतात. काही फेटाळल्या जातात, काहींवर बंदी येते, आणि एका पुस्तकात तर ज्याने विनवणी करायची त्यालाच ती करायची नसते. रदबदली कुठे थांबते आणि थांबल्यावर काय उरते, हे पाहिल्याशिवाय ती चालते कशी हेही नीट कळत नाही, असे माझे मत होत गेले आहे.

मुद्दाम ‘रदबदली’ म्हणतो. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘मध्यस्थीची प्रार्थना’ हा प्रयोग रुळला आहे. तो स्वच्छ आहे, पण थोडा थंड. मध्यस्थ दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर उभा असतो. रदबदली हा जुना, अरबी-फारसीतून आलेला शब्द. त्यात परतवणे आहे आणि बदलणे आहे, बोलण्याची ये-जा आहे. रदबदली करणारा तटस्थ नसतो. वरच्याकडे त्याचे काही वजन असते आणि ते तो दुसऱ्या कुणासाठी खर्च करत असतो. हिब्रूत यासाठी येणारे एक क्रियापद, ‘पागा’, तर याहून अंगावर येणारे आहे. गाठणे, समोरासमोर येणे, आदळणे हा त्याचा अर्थ. कुणावर तलवार घेऊन तुटून पडणे यालाही तेच क्रियापद आणि कुणाला गळ घालणे यालाही तेच. ‘रूथ’च्या पुस्तकात विधवा सून सासूला सांगते की तुला सोडून जाण्याची गळ मला घालू नकोस, तिथे हेच क्रियापद आहे. ते पुढे यिर्मयाच्या प्रसंगी लागणार आहे.

सदोमच्या प्रसंगाची सुरुवात देवाच्या स्वगताने होते. आपण जे करणार आहोत ते अब्राहामापासून लपवून ठेवावे का, असे तो स्वतःलाच विचारतो. ज्याला काही ऐकूनच घ्यायचे नाही तो असे स्वगत बोलत नाही. मग पाहुणे सदोमच्या वाटेला लागतात आणि अब्राहाम देवासमोर तसाच उभा राहतो. या वाक्याला एक इतिहास आहे. देवाचा मान राखण्यासाठी लेखनिकांनी मूळ शब्द बदलले अशा अठरा जागा यहुदी परंपरा मोजते, त्यांतली ही एक. मूळ वाक्यात म्हणे देवच अब्राहामासमोर उभा होता. हिब्रूत कुणासमोर उभे राहणे म्हणजे त्याच्या सेवेत, हुकुमाची वाट पाहत उभे राहणे; देवाबद्दल असे कसे लिहायचे? प्राचीन ग्रीक भाषांतरात या उलट्या वाक्याचा माग नाही, त्यामुळे बदल खरोखर झाला की नाही यावर वाद होऊ शकतो. पण निदान त्या परंपरेला हे दृश्य कसे दिसले ते कळते. ऐकणारा थांबलेला आहे आणि बोलणाऱ्याने सुरुवात करायची आहे.

अब्राहाम सुरुवात करतो ती हिशेबाने. पन्नास नीतिमान सापडले तर? मग पंचेचाळीस, चाळीस, आणि हात बसल्यावर दहा-दहाच्या उड्या: तीस, वीस, दहा. दुसऱ्या मागणीत बाजारात मुरलेल्या माणसाची चलाखी आहे. तो पंचेचाळीस म्हणतच नाही. पाच कमी पडले म्हणून सगळे शहर बुडवणार का, असे विचारतो. देव त्या शब्दांत अडकत नाही, उत्तरात सरळ पंचेचाळीस म्हणतो. दोघेही एकमेकांना ओळखून आहेत. मधूनच अब्राहाम स्वतःला माती आणि राख म्हणवून घेतो, आणि हिब्रूतले हे दोन शब्द, आफार आणि एफेर, कानाला जवळजवळ एकच वाटतात. नम्रता आहे, पण ती घासाघिशीतली. कारण त्याआधीच तो न्यायाधीशानेच अन्याय करावा हे तुला शोभत नाही, असे तोंडावर बोलून बसला आहे.

पण आकड्यांच्या नादात त्याच्या मागणीतले खरे धाडस नजरेतून सुटते. निरपराध्यांना बाहेर काढ आणि मग शहर जाळ, अशी मागणी करता आली असती. तिला न्यायाचा पाठिंबाही होता. अब्राहाम ते मागत नाही. थोड्या निरपराध्यांसाठी अपराध्यांसकट सगळे शहर राहू दे, असे तो मागतो. बोलतो न्यायाच्या भाषेत, मागतो दया. आणि दहावर थांबतो. का थांबतो? दहापेक्षा कमी माणसांचा समुदाय होत नाही, असे एक उत्तर टीकाकार देतात. ते मला पटत नाही. कथेत त्याला आधार नाही. कथा इतकेच सांगते की बोलणे संपल्यावर देव निघून गेला आणि अब्राहाम आपल्या ठिकाणी परतला. वेळ कुणी संपवली हे उघड नाही. त्याहून चमत्कारिक पुढचे. सगळ्या बोलण्यात अब्राहामाने पुतण्या लोट याचे नाव एकदाही काढलेले नाही. शहर जळते, पण अब्राहामाची आठवण ठेवून देव लोटला बाहेर काढतो. जे मागितले ते मिळाले नाही, जे मागितलेच नव्हते ते मिळाले. सकाळी धुराकडे पाहणाऱ्या अब्राहामाला एवढेही कळले का, हे निवेदक सांगत नाही.

मोशेची जात वेगळी. ‘निर्गम’च्या बत्तिसाव्या अध्यायात तो डोंगरावर आहे आणि खाली लोकांनी सोन्याचे वासरू ओतून त्याच्यापुढे उत्सव मांडला आहे. देव त्याला बातमी देतो ती सर्वनामापासून ऐकण्यासारखी आहे: तुझे लोक, तू ज्यांना मिसरातून आणलेस ते. मोशे उत्तरात ते सर्वनाम जसेच्या तसे परत करतो: तुझे लोक, तू आणलेस ते. पोर बिघडले की आई-बाप एकमेकांना ‘तुझा मुलगा’ म्हणतात, तसे. या दोन वाक्यांच्या मध्ये देव मोशेला, आता मला अडवू नकोस, माझा राग भडकू दे, असे म्हणतो. मोशेने तोवर तोंडही उघडलेले नाही. न धरलेला हात सोड म्हणणारा माणूस काय सुचवत असतो? तल्मूदातल्या एका रब्बीने या जागी म्हटले आहे की मोशेने देवाला, मित्राचा अंगरखा धरावा तसे धरून ठेवले होते. हे शास्त्रात लिहिलेले नसते तर बोलण्याचीही सोय नव्हती. माझ्या वाचनात या प्रसंगावरची यापेक्षा चांगली टीका नाही.

मोशे लोकांचा गुन्हा नाकारत नाही, सौम्यही करत नाही. त्याची कारणे सगळी देवाच्या बाजूची आहेत: मिसरी लोक काय म्हणतील, पूर्वजांना दिलेल्या वचनाचे काय. तुझ्यापासूनच मोठे राष्ट्र करतो, हा देवाचा प्रस्ताव तर तो न ऐकल्यासारखा सोडून देतो. देवाचे मन वळते. पण खाली उतरून वासरू प्रत्यक्ष पाहिल्यावर मोशेच्या रागाला कुणी रदबदली करणारा नसतो. पाट्या फुटतात, वासराचे चूर्ण करून लोकांना पाण्यातून पाजले जाते, आणि त्याच्या हुकुमावरून तीन हजारांच्या आसपास माणसे कापली जातात. दुसऱ्या दिवशी हाच माणूस पुन्हा वर जातो. आता त्याच्याकडे कारणे उरलेली नाहीत. तू त्यांना क्षमा करशील तर, असे म्हणतो आणि वाक्य तिथेच तुटते. त्याचा उत्तरार्ध हिब्रूत नाही. नाहीतर तुझ्या पुस्तकातून मला खोडून टाक, असे दुसरे वाक्य येते. कितीतरी भाषांतरकारांनी हे तुटलेले वाक्य सांधून दिले आहे. ते सांधू नये. काल युक्तिवाद करणाऱ्या माणसाकडे आज वाक्यही पुरे होत नाही, हेच तर त्या दोन दिवसांत घडले आहे. आणि ही दुसरी रदबदली मान्य होत नाही. ज्याने पाप केले त्यालाच मी खोडीन, असे उत्तर मिळते.

देवाशी भांडणारा भक्त मराठी वाचकाला नवा नाही. तुकारामांनी विठ्ठलाला सुनावलेले बोल आपण कौतुकाने ऐकत आलो. पण त्या भांडणात सहसा दोघेच असतात, आणि तक्रार भेटीची असते. ज्ञानेश्वरांचे पसायदान सगळ्यांसाठी, खळांसाठीही मागते; पण तिथे मागणे प्रसन्न झालेल्या देवाकडे आहे. मोशेच्या प्रसंगात तिसरा पक्ष आहे. तो गैरहजर आहे, डोंगराच्या पायथ्याशी नाचतो आहे आणि आपल्यासाठी वर कुणी झगडत आहे याची त्याला गंधवार्ताही नाही. हिब्रू रदबदलीचे एकटेपण इथून येते. ज्यांच्यासाठी बोलायचे ते सोबत नसतात.

‘गणना’च्या चौदाव्या अध्यायात मोशे पुन्हा उभा राहतो. या वेळी तो देवाने स्वतःबद्दल सांगितलेले गुणवर्णनच देवापुढे धरतो, मंदक्रोध आहेस, क्षमा करणारा आहेस. मात्र मूळ यादीतले पहिले दोन शब्द, दयाळू आणि कृपाळू, गाळतो आणि शिक्षेचा भाग ठेवतो. वकिलाने आपल्याविरुद्धचे कलमही वाचून दाखवावे तसे हे आहे. क्षमा मिळते, पण ती पिढी चाळीस वर्षांत वाळवंटातच संपेल या अटीवर. शेवटी ‘अनुवाद’च्या तिसऱ्या अध्यायात तो एकदाच स्वतःसाठी मागतो: यार्देन ओलांडून ती भूमी पाहू दे. पुरे, हा विषय पुन्हा काढू नकोस, असे त्याला सुनावले जाते. इतक्यांसाठी खर्च झालेले वजन त्याच्या स्वतःच्या कामी येत नाही.

संदेष्ट्यांच्या काळात थांबे अधिक कठीण होत जातात. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या आमोसला दृष्टान्त होतात. पहिला टोळांचा. आमोस म्हणतो, क्षमा कर, याकोब कसा टिकेल, तो लहान आहे. देव माघार घेतो. दुसरा आगीचा. आमोस पुन्हा तेच म्हणतो, पण एक शब्द बदललेला आहे: या वेळी ‘क्षमा कर’ नाही, नुसते ‘थांब’. देव पुन्हा माघार घेतो. तिसऱ्या दृष्टान्तात देव हातात काहीतरी घेऊन भिंतीशी उभा आहे. जो शब्द आहे तो हिब्रू बायबलात इथेच येतो आणि त्याचा अर्थ ओळंबा की कथील हे ठरलेले नाही. तुला काय दिसते, असे देव विचारतो. आमोस त्या एका शब्दात उत्तर देतो. लगेच निकाल येतो. विनवणीला जागाच उरलेली नाही. प्रश्नाचे उत्तर देण्यात ती वेळ निघून गेली. आणि चौथा दृष्टान्त येण्याआधी पुस्तकात एक प्रसंग घुसतो. बेथेलचा याजक अमस्या आमोसला सांगतो, इथे संदेश देऊ नकोस, आपल्या मुलखात जा. दृष्टान्तांची सलग मालिका तोडून हा प्रसंग इथे का घातला, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. मला तो योग्य जागी वाटतो. संदेष्ट्याला हाकलणाऱ्या दरबाराला एवढेच दिसते की धमक्या देणारा गेला. आपल्यासाठी दोनदा ‘लहान आहे’ म्हणणाराही तोच होता, हे अमस्याला माहीत नाही. ते फक्त वाचकाला माहीत आहे.

योखानान मफ्स या अभ्यासकाने संदेष्ट्यांच्या रदबदलीवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला आहे. संदेष्टा हा देवाचा निरोप्या असतो तसाच लोकांचा वकीलही असतो, हे त्याचे मुख्य म्हणणे. या दुहेरी कामाकडे त्याने लक्ष वेधले नसते तर आमोसचे ते दोन छोटे उद्गार आपण सहज ओलांडून गेलो असतो. या मांडणीला धरून कुणी पुढे असेही म्हणेल की देव बंदी घालतो त्यातच विनवणीची ताकद सिद्ध होते. जे निष्फळ आहे त्याला कोण बंदी घालील? तर्क बिनचूक आहे. पण ज्याच्यावर बंदी आली त्या माणसाचे काय झाले, हे त्यात दिसत नाही.

तो माणूस यिर्मया. या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस, असे त्याला तीनदा सांगितले जाते, सातव्या, अकराव्या आणि चौदाव्या अध्यायांत. पहिल्या वेळी तिथे ‘पागा’ हे क्रियापद आहे. रूथने नामीला जे शब्द वापरले, मला गळ घालू नकोस, जवळजवळ तेच शब्द देव यिर्मयाला वापरतो. रूथच्या तोंडी ते न सोडण्याचे शब्द होते. इथे ते सोडून देण्याचे आहेत. पंधराव्या अध्यायाच्या आरंभी याहून टोकाचे विधान येते: मोशे आणि शमुवेल माझ्यासमोर उभे राहिले तरी माझे मन या लोकांकडे वळणार नाही. रदबदलीतले दोन सर्वांत मोठे आधार एका वाक्यात निकालात निघतात. यहेज्केल ते गणितातच मांडतो. देशात नोहा, दानीएल आणि ईयोब हे तिघे असले तरी ते फक्त स्वतःचे जीव वाचवतील, मुलांचेसुद्धा नाहीत. अब्राहामाचा सगळा हिशेब या पायावर उभा होता की थोड्यांमुळे पुष्कळ वाचतात. यहेज्केलाने तो पायाच काढून घेतला. तरी याच यहेज्केलाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, देव म्हणतो की तटाच्या खिंडारात माझ्यासमोर उभा राहील असा एक माणूस मी शोधला आणि मला सापडला नाही. ही दोन विधाने एकत्र बसत नाहीत. मला ती बसवायचीही नाहीत. शहर पडत असताना एकाच माणसाला दोन्ही खरे वाटले असावे.

यिर्मया बंदी पाळतो का? पुरती नाही. तिसऱ्या बंदीनंतर लगेच तो, खोटे संदेष्टे यांना सगळे ठीक असल्याचे सांगतात, असे म्हणून आडवाटेने लोकांची बाजू मांडून पाहतो. पण अठराव्या अध्यायात काहीतरी मोडलेले दिसते. मी तुझ्यासमोर उभा राहून यांच्या भल्यासाठी बोललो ते आठव, असे तो देवाला सांगतो, आणि त्याच श्वासात यांच्या मुलांना दुष्काळाच्या हवाली कर, असे मागतो. ज्यांच्यासाठी बोलला त्यांनीच त्याच्यासाठी खड्डा खणला होता. ख्रिस्ती वाचकांना हे मागणे अवघड जाते आणि कित्येकदा ते वगळले जाते. ते वगळले की बंदीची किंमत कळत नाही. पुढे यरुशलेम पडल्यावर, इसवी सनापूर्वी ५८७ किंवा ५८६ नंतर, उरलेले लोक त्याच्याकडे येऊन आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणतात. तो करतो. उत्तर यायला दहा दिवस लागतात. उत्तर येते, देशातच राहा, आणि ते लोक ते मानत नाहीत. मिसरात निघून जातात आणि त्यालाही सोबत नेतात.

पडलेल्या शहराचे पुस्तक म्हणजे ‘विलापगीत’. पाच गीते, पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेली. पाचव्यातही ओव्या बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. या पुस्तकात रदबदली करणारा कुणी नाही. प्रार्थना आत शिरू नये म्हणून देवाने स्वतःला ढगाने झाकून घेतले आहे, अशी तिसऱ्या गीतात तक्रार आहे. मग शहरच बाई होऊन बोलते. रात्रीच्या प्रहरांत ऊठ, मुलांच्या जिवासाठी काळीज पाण्यासारखे ओत, असे तिला सांगितले जाते, आणि ती बोलते ते मागणे नाहीच. पाहा, हे तू कुणाला केलेस, एवढे ती विचारते आणि भुकेने आयांनी मुले खाल्ली ते पुढे ठेवते. तिच्याकडे वचनांचा हवाला नाही, आकडे नाहीत, मिसरी काय म्हणतील याची तिला पर्वा नाही. संपूर्ण पुस्तकात देव एकदाही बोलत नाही. शेवटची ओवी, तू आम्हांला अगदी टाकूनच दिले असशील तर, अशा अर्थाकडे झुकते. सभास्थानात वाचताना तिथे थांबत नाहीत, आधीची ओवी, आम्हांला परत आण, पुन्हा म्हणतात. वाचणाऱ्यांनीच पुस्तकासाठी रदबदली करावी तसे हे वाटते.

यिर्मयाला जे नाकारले ते त्याच्याच पुस्तकात एकीला मिळते. एकतिसाव्या अध्यायात रामा गावी राहेलीचा आवाज ऐकू येतो. याकोबाची ही बायको दुसऱ्या बाळंतपणात वाटेवरच मेली होती. तिला जाऊन पिढ्या लोटल्या आहेत. ती हद्दपार झालेल्या मुलांसाठी रडते आहे आणि समजूत घालून घेत नाही. ती देवाला उद्देशून एक शब्दही बोलत नाही. तरी देव तिलाच उत्तर देतो: रडू आवर, मुले परत येतील. चारच ओव्या पुढे देव एफ्राईमबद्दल बोलताना आपली आतडी तुटतात असे म्हणतो, आणि दयेसाठी येणारे क्रियापद ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, या शब्दाच्याच धातूचे आहे. फिलिस ट्रिबल यांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात हा धागा दाखवून दिला. त्यानंतर हा अध्याय पूर्वीसारखा वाचता येत नाही. रब्बींनीही आपल्या परीने हे हेरले होते. ‘विलापगीता’वरच्या मिद्राशात अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे सगळे येऊन बाजू मांडतात आणि देव हलत नाही, राहेल येते तेव्हा हलतो. मात्र मिद्राशाने तिच्या तोंडी युक्तिवाद घातला आहे, बहिणीचा मत्सर मी गिळला तर तू का गिळू नयेस असा. युक्तिवाद सुंदर आहे. मूळ अध्यायात तो नाही, आणि नाही हेच मला बरे वाटते.

आता योना. मोठा मासा सगळ्यांना आठवतो, त्यामुळे पुस्तकाचा शेवट झाकला जातो. निनवे ही अश्शूरची राजधानी, आणि इस्राएलचे उत्तर राज्य याच अश्शूरने इसवी सनापूर्वी ७२२च्या सुमारास बुडवले. पहिल्या श्रोत्यांना हे सांगायला नको होते. त्या शहरात जाऊन योना हिब्रूत मोजून पाच शब्दांचा संदेश देतो: चाळीस दिवसांनी हे उलथणार. ‘उलथणे’ हे क्रियापद सदोमचेच आहे, पण त्याचा दुसरा अर्थ पालटणे असाही होतो. राजा, प्रजा, गुरेढोरेसुद्धा गोणपाट नेसतात आणि शहर उलथण्याऐवजी पालटते. देव माघार घेतो. योनाला भयंकर राग येतो.

तो त्या रागात जी प्रार्थना करतो ती मोशेने वापरलेल्या यादीची आहे. मंदक्रोध, दयाळू, कृपाळू, अनिष्टापासून मागे फिरणारा, असा तू आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो. मोशेने गाळलेले दोन शब्द इथे आहेत आणि मोशेने ठेवलेली शिक्षा इथे नाही. जी यादी पुढे करून मोशेने आपले लोक वाचवले, तीच योनाच्या तोंडी आरोपपत्र होते. त्याला हलका किंवा क्षुद्र माणूस ठरवण्याची टीकाकारांची घाई मला मान्य नाही. ज्याच्या लोकांना अश्शूरने संपवले त्याने अश्शूरसाठी गळ घालावी, ही मागणी लहान नाही.

मग तो शहराच्या पूर्वेला जाऊन बसतो आणि काय होते ते पाहत राहतो. अब्राहामानेही असेच दुरून शहराकडे पाहिले होते. अब्राहामाला दिसला तो धूर योनाला हवा आहे, आणि तो निघत नाही. देव एक वेल उगवतो, योनाला सावली मिळते. दुसऱ्या दिवशी किडा वेल मारतो, योना मरण मागतो. आणि इथे भूमिका उलटतात. आता देवच निनवेसाठी बोलू लागतो, माणसापुढे. त्याची रीत अब्राहामाची आहे: लहान गोष्टीवरून मोठीकडे, आणि आकडा. या वेलीची तुला कीव आली, मग उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसे जिथे आहेत, त्या शहराची मला येऊ नये का? शिवाय तिथे गुरेढोरे पुष्कळ आहेत, एवढे तो पुढे जोडतो. प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारनंतर सभास्थानांत हे पुस्तक वाचले जाते. योनाने काय उत्तर दिले ते त्यात लिहिलेले नाही.